अर्ध्या तासाचा हक

वजन कमी करणे हा विषय आपल्याकडे दोनच ठिकाणी निघतो. एक डॉक्टरांच्या खोलीत, दुसरा लग्नाच्या मांडवात. पहिल्या ठिकाणी तो आजाराचा असतो, दुसऱ्या ठिकाणी थट्टेचा. तो नीतीचाही प्रश्न आहे असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. पोट, कंबर आणि काटा यांत नीती कुठून आली? पण गेली काही वर्षे आम्ही या प्रश्नाभोवती फिरतो आहोत आणि आमची खात्री होत चालली आहे की यातला खरा पेच आहाराचा नाहीच. काय खावे आणि किती चालावे हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पेच वेगळा आहे. ज्या कामाचे फळ महिनोन्महिने दिसत नाही, ज्यासाठी वेळ काढायचा तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो, असे काम माणसाने कशाच्या आधारावर चालू ठेवावे? आणि ते चालू ठेवण्याचा आपल्याला हक आहे की नाही?

आम्ही म्हणजे कोण, हे सांगणे भाग आहे. आम्ही सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षिका. तिशी ओलांडलेल्या, बी.एड. करून नोकरीला लागलेल्या आणि नोकरी, लग्न, दोन बाळंतपणे या क्रमाने दहा-बारा किलो अंगावर चढलेल्या. एकीला थायरॉईड आहे, एकीला पीसीओडी, एकीची साखर सीमारेषेवर आहे, दोघींना जिन्याची भीती वाटते. स्टाफरूममध्ये एकमेकींचे वजन ही गुप्त बाब राहिलेली नाही. पगाराचा आकडा एक वेळ लपवतील, किलोचा नाही.

हे केवळ आमचे गाऱ्हाणे नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर चार स्त्रियांमागे जवळपास एक स्त्री जादा वजनाची आढळली. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेलेली होती. त्यातही आपल्या देशी शरीराची एक खोड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभे राहिलेला आपला फोटो छापला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, असा हा भारतीय माणूस. त्यामुळे आपल्याकडे २३ च्या पुढे निर्देशांक गेला की वजन जादा धरतात आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. आमच्यापैकी पंचविशीच्या खाली कुणीच नाही. म्हणजे निर्देशांकाने. वयाने तर नाहीच.

आता गणित मांडू. शिक्षकाला फळा दिसला की राहवत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. अर्धा तास झपझप चालले तर आमच्यासारख्या वजनाच्या बाईच्या अंगातून सुमारे सव्वाशे कॅलरी खर्च होतात. भागाकार केला की उत्तर येते एकसष्ट-बासष्ट. म्हणजे रोज न चुकता, पाहुणे आले तरी, मुलाला ताप आला तरी, निवडणुकीचे प्रशिक्षण असले तरी, दोन महिने चालले की एक किलो. आणि तळलेला एक समोसा त्या दिवसभराच्या चालण्याला गिळून वर ढेकर देतो. दुसरीकडे स्टाफरूमच्या तीन कप चहातली दोन-दोन चमचे साखर सोडली तर जवळपास तेवढीच बचत बसल्या जागी होते. हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा आमच्यातल्या एका आपांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “इतनी मेहनत का इतनाच मोबदला?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मजुरी या दृष्टीने पाहिले तर हे कामच परवडत नाही. म्हणून आम्हाला वाटते की त्याच्याकडे मजुरी म्हणून पाहणे हीच गोष्ट तपासायला हवी.

पण त्याआधी वेळेचा प्रश्न. सकाळच्या सत्राची शाळा असेल तर बाई पाचच्या आधी उठते. नमाज, डबे, सासऱ्यांचा बिनसाखरेचा आणि नवऱ्याचा साखरेचा असे दोन चहा, मुलांची दप्तरे, मग परिपाठाची घंटा. शाळेत शिकवणे हे एक काम झाले. त्यावर खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, बीएलओची यादी घेऊन गल्लीगल्ली फिरणे. (या फिरण्याने वजन कमी होत नाही, हे अनुभवाने सांगतो. प्रत्येक घरी चहा असतो.) दुपारी परत आले की जेवण, भांडी, मुलांची उर्दू आणि गणित, मग अरबीच्या उस्तादांकडे सोडणे आणि आणणे, रात्री वह्या. या दिवसात अर्धा तास कुठे आहे?

प्रामाणिकपणे पाहिले तर अर्धा तास असतो. तो आमच्या नावावर नसतो, एवढेच. घरातल्या पुरुषाने मगरीबनंतर कोपऱ्यावर मित्रांत अर्धा तास काढला तर तो त्याचा असतो. त्याचा हिशेब कुणी मागत नाही आणि तोही देत नाही. बाईने तोच अर्धा तास काढला तर तो कुणाचा तरी कापून घेतलेला वाटतो. मुलाच्या अभ्यासातला किंवा सासूबाईंच्या पाय चेपण्यातला. आणि असे दुसऱ्या कुणाला वाटण्याआधी तिलाच वाटते. आमच्या मते संथ वजन घटण्यात माणूस टिकत नाही त्याचे पहिले कारण इथे आहे. फळ झटपट दिसले असते तर त्या अर्ध्या तासाचा जबाब देता आला असता. बघा, पाच किलो उतरले. दोन महिन्यांत एक किलो म्हटल्यावर जबाब देता येत नाही, आणि ज्या वेळेचा जबाब देता येत नाही तो वेळ परत करावासा वाटतो.

अशा परत करण्याला आपण त्याग म्हणतो. हा शब्द आम्हाला हल्ली जपून वापरावासा वाटतो. ज्याच्या हाती एखादी वस्तू आहे त्याने ती स्वखुशीने दिली तर त्याला त्याग म्हणावे. जी वस्तू आपली आहे असे मानण्याची सवयच लागली नाही, ती सोडण्यात कसला त्याग? हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांचा किस्सा आमच्यापैकी बहुतेकींनी लहानपणी ऐकलेला आहे. अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले की घराकडे आणि स्वतःकडेही पाहीनात. सलमान त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. त्यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि समजावले की रबचा हक आहे तसा घरच्यांचा आहे आणि तुमच्या स्वतःच्या जिवाचाही आहे. पैगंबरांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. हा किस्सा आपण नेहमी घरच्यांच्या हकापर्यंत सांगतो आणि तिथे थांबतो. तिसरा हक वाचून सोडून देतो. शरीर ही अमानत आहे असे वाजांमध्ये ऐकतो. अमानत सांभाळायला वेळ लागतो, हे मात्र ऐकायला मिळत नाही.

चालायला जायचे तर कुठे, हाही प्रश्न आहेच. बाई रस्त्याने चालली आहे म्हणजे तिला काही तरी काम असले पाहिजे, असा गल्लीचा कायदा आहे. आमच्या एका सहकारी बाई महिनाभर हातात रिकामी पिशवी घेऊन चालायला जात. कुणी विचारले, “कुठं निघालात?” तर पिशवी थोडी वर करायची. भाजी. त्या पिशवीवर आम्ही हसलो खूप, पण तिच्यात जे आहे ते हसण्यासारखे नाही. बिनकामाचे चालणे हेच काम आहे, हे सांगायला तोंड नव्हते म्हणून पिशवीला बोलावे लागले. पुढे तिघी-चौघी बरोबर जायला लागलो तेव्हा पिशवी घरी राहिली. एकटीला जाब विचारणारे चौघींना विचारत नाहीत. काही जणी अजूनही गच्चीवरच चालतात. उन्हाळ्यात सोलापूरची गच्ची संध्याकाळी सातलाही तव्यासारखी असते, तेव्हा त्या रात्री दहाला चढतात.

आता अन्नाकडे येऊ, कारण खरा नैतिक गुंता तिथे आहे आणि त्यावर कुणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. घरात मुलांच्या ताटात अर्धी चपाती, दोन घास भात, सालनातला एक बटाटा राहतो. टाकणे गुनाह. लहानपणापासून शिकलो की एक दाणाही वाया जाता कामा नये, रिज्काची बेअदबी होते. मग ते कोण खाणार? आईच खाते, उभ्या उभ्या, ओट्याशी, आपले जेवण झाल्यावर. हे जेवण ती मोजतही नाही, कारण ती त्याला जेवण मानत नाही. डॉक्टरांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. आमच्यापैकी एकीने आठ दिवस ते वहीत लिहून काढले तेव्हा कळले की रोज जवळजवळ एक पूर्ण वेळचे जेवण असे उभ्याने होते.

इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींशी भांडतात. अन्नाचा आदर आणि शरीराचा हक. आम्ही यावर पुष्कळ वाद घातला. एक बाजू म्हणते, आपल्या शाळेत दुपारच्या खिचडीसाठी येणारी मुले आहेत, त्यांच्यासमोर उभे राहून अन्न टाकण्याची भाषा कशी करायची? हे बोलणे काळजाला लागणारे आहे. पण नीट विचार केला की दिसते, गरज नसताना जे पोटात ढकलले तेही वायाच गेले. केराच्या डब्यात न जाता ते आपल्या अंगात गेले आणि पुढे औषधांच्या रूपाने त्याचे पैसेही भरावे लागले. त्याने कुठल्या उपाशी मुलाचे पोट भरले नाही. इसराफची मनाई फक्त टाकण्याला नाही, ती जास्त शिजवण्याला आणि जास्त वाढण्यालाही आहे. उधळपट्टी पातेल्यात झाली असेल तर तिची भरपाई आईच्या पोटाने का करावी? म्हणून आता काही घरांत मुलांना आधी अर्धी चपाती वाढतात, हवी तर पुन्हा घ्या म्हणतात. उरलेले झाकून ठेवतात, सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीची चपाती होते. यात नवे काही नाही, आमच्या आज्या हेच करत. फरक एवढाच की आज्या ते धान्य पुरावे म्हणून करत.

दावतीचे गणित याहून कठीण. बिर्याणीच्या ताटावर हात आडवा धरला की यजमान दुखावतो. “हमारे हाथ का पसंद नहीं आया?” या प्रश्नाला कॅलरीत उत्तर देता येत नाही. आमचे मत विचाराल तर वर्षातल्या दहा-बारा दावतींनी कुणी जाड होत नाही. तिथे प्रेमाने जेवावे, शिरखुर्मा प्यावा आणि दुसऱ्या दिवशी चालायला जावे. जाडी येते ती रोजच्या बिनदावतीच्या खाण्याने. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे. पण भाकरी आहे म्हणून ती कितीही चालते असे समजून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारी काही मुरवत धरत नाही. शेंगदाण्याच्या तेलाबद्दल तर बोलायलाच नको.

काट्याविषयी आमची तक्रार आहे, आणि ती शिक्षक म्हणून आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित हे दोन शब्द आमच्या कानांत बसले. मूल वर्गात बोलते का, प्रश्न विचारते का, वही नीट करते का हे आकारिक. सत्राच्या शेवटी पेपर, तो संकलित. नुसत्या पेपरावरून मुलाला नापास ठरवू नये हे आम्ही पालकांना वर्षानुवर्षे समजावतो. आणि घरी आल्यावर काट्यावर उभे राहतो आणि एका आकड्यावरून स्वतःला नापास करतो. काटा हा फक्त पेपर आहे, तोही रोज वेगळ्या परीक्षकाने तपासलेला. आदल्या रात्री लोणचे खाल्ले, तो वाढतो. पाळी जवळ आली, तो वाढतो. शरीर साखरेचा जो साठा करते त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, म्हणून पथ्याच्या पहिल्या आठवड्यात पाणी जाऊन दोन किलो उतरल्यासारखे दिसतात आणि पुढच्या आठवड्यात काहीच उतरत नाही. पहिल्या आठवड्याची खुशी खोटी आणि दुसऱ्या आठवड्याची निराशाही खोटी. आम्ही आता महिन्यातून दोनदाच वजन करतो, ठरलेल्या वारी, सकाळी.

काट्याला न दिसणारे काय असते याचा एक पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना सुमारे तीन वर्षे पाहिले. त्यांतल्या एका गटाला फक्त चालणे आणि आहारातले बदल सांगितले होते. २००६ साली निष्कर्ष आला. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत, २८.५ टक्क्यांनी कमी झाले. आणि गंमत पुढे आहे. या लोकांचे वजन फारसे उतरलेच नव्हते. म्हणजे त्यांच्यापैकी कुणी रोज काट्यावर उभे राहून “काही उपयोग नाही” म्हणत चालणे सोडले असते, तर नेमका उपयोग होत असतानाच सोडले असते. आमच्यातल्या साखर सीमारेषेवर असलेल्या बाईंना हा अभ्यास सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग काटा बघायचाच कशाला?” बघायचा, पण त्याला मुख्याध्यापक करायचे नाही.

जाड माणूस आळशी असतो, त्याच्यात निग्रह नसतो, हा समज आपल्या समाजात इतका खोल आहे की वर्गातली मुलेही बाईंना त्यावरून नाव ठेवतात. हा समज अन्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर जुने आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धावर जायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते, म्हणजे निग्रहाला कमी नव्हते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले. वजन जवळपास एक चतुर्थांश घटले, पण त्याबरोबर शरीराचा खर्चही पार खाली आला. ते थंडीने कुडकुडत, चिडत, दिवसभर अन्नाचाच विचार करत, पाककृतींची पुस्तके वाचत बसत. शरीराला आपण आवरत आहोत हे कळत नाही, त्याला दुष्काळ पडला असे वाटते आणि ते खर्च आवळते. म्हणून जितकी घाई, तितका विरोध. सावकाश उतरणारे वजन हा स्वभावाचा दोष नाही, शरीराच्या शहाणपणाशी केलेली ती लांबलचक बोलणी आहेत.

याच कारणाने २०२५ मध्ये भारतात आलेल्या वजनाच्या इंजेक्शनांना आम्ही नाक मुरडत नाही. ज्याला डॉक्टर देतील आणि परवडेल त्याने घ्यावीत. मेहनत न करता उतरले म्हणजे फसवणूक झाली, असे म्हणणे चष्मा लावणाऱ्याला डोळे चोरले म्हणण्यासारखे आहे. आमच्या पगारात ती बसत नाहीत आणि बहुतेकींना त्यांची गरजही सांगितलेली नाही, म्हणून आम्ही पायांवरच आहोत.

फळाचा विचार सोडून द्या, असा सल्ला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या एका सरांनी दिला. कर्म करीत राहावे, फळाची आशा धरू नये. सल्ला थोर आहे, पण तो आम्हाला पेलत नाही, आणि पेलतो असे म्हटले तर ते खोटे होईल. आम्हाला फळ हवे आहे. जिना चढताना गुडघा दुखू नये आणि ईदचा जुना जोडा अंगात यावा, असे वाटते. सब्र म्हणजे इच्छा मारणे नव्हे. इच्छा जिवंत ठेवून तिला रोज थोडे थांबायला सांगणे, हे त्याहून अवघड आणि आमच्या मते अधिक माणसासारखे आहे. शेतकरी पेरतो तेव्हा त्याला पीक हवेच असते. फक्त तो रोज जमीन उकरून पाहत नाही.

थोडे थोडे करण्याची पद्धत इमाम गझालींनी जितकी बारकाईने सांगितली आहे तितकी आजच्या आहारतज्ज्ञांनीही क्वचितच सांगितली असेल. ११११ साली वारलेल्या या विद्वानाने ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात पोटाच्या हव्यासावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. त्यांचा हेतू वजनाचा नव्हता, नफ्सला वळण लावण्याचा होता. पण हिशेब पाहा. ज्याला दोन रोट्यांची सवय आहे आणि एकीवर यायचे आहे, त्याने एकदम एक रोटी सोडू नये. रोज रोटीचा अठ्ठाविसावा किंवा तिसावा भाग तेवढा कमी करावा. महिन्यात तो एकीवर येतो आणि त्याला इजा होत नाही. अठ्ठाविसावा भाग म्हणजे किती? एका घासाहूनही कमी. पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना आम्ही हे उदाहरण वापरतो आणि मुले विचारतात, “मॅडम, इतना छोटा टुकड़ा तोडेंगे कैसे?” हाच तर मुद्दा आहे. तुकडा इतका लहान की नफ्सला कळता कामा नये. नेमाने केलेले थोडे काम अल्लाहला प्रिय असते, हे आम्ही नमाज-तिलावतीच्या बाबतीत मुलांना सांगतो. चहातल्या अर्ध्या चमचा साखरेला ते लागू करायला मात्र आम्हाला बरीच वर्षे लागतात.

रमजानचे एक वेगळेच. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटते, महिनाभर उपास म्हणजे वजन उतरणारच. उतरते ते पुरुषांचे, तेही काहींचेच. बाई दुपारी तीनपासून तळणाजवळ उभी असते, इफ्तारला भजी, रात्री तरावीहनंतर पुन्हा काहीतरी, सहरीला सगळ्यांच्या आधी उठून पुन्हा जेवण, आणि झोप चार तासांची. आम्ही त्या महिन्यात वजन उतरवायचे नाही, वाढू द्यायचे नाही, एवढेच ठरवतो. इफ्तारला खजूर आणि फळे आधी, तळलेले दोन दिवसांआड. चालणे तरावीहनंतर गल्लीत, तेव्हा सगळा मोहल्ला जागा असतो आणि पिशवीही लागत नाही.

मग टिकते ते कशाने? जोश हा चांगला पाहुणा आहे. तो येतो तेव्हा त्याचा पाहुणचार करावा, पण त्याच्या भरवशावर घर चालवू नये. एक जानेवारीला, ईदनंतर आणि चुलत बहिणीच्या लग्नाच्या आधी तो हमखास येतो आणि तीन आठवड्यांत जातो. तो गेल्यावर आम्हाला जे बाहेर काढते ते फार साधे आहे. कोपऱ्यावर दुसरी उभी असते. आपल्या शरीराला दिलेला शब्द मोडायला आम्हाला काही वाटत नाही, इतकी त्याची किंमत आम्ही कमी करून ठेवलेली आहे. पण उन्हात कुणी वाट पाहत उभे आहे म्हटल्यावर चप्पल पायात जाते. स्वतःचा हक ओळखायला अशी दुसऱ्याची आड घ्यावी लागावी, याचे वाईटही वाटते. पण सध्या आड घेऊनच चालू आहे. चौघींपैकी एकीचे चौदा महिन्यांत चार किलो उतरले, एकीचे दोन, एकीचे काहीच नाही पण तिची साखर खाली आली. चौथीचे एक किलो वाढले आणि तरीही ती येते. विचारले तर म्हणते, “दिवसभरात एवढाच एक वेळ आहे की मला कुणी अम्मी म्हणत नाही.”

तिचे उत्तर आमच्या सगळ्या हिशेबाबाहेरचे आहे.

जूनपासून शाळेची वेळ बदलणार आहे. दुपारचे सत्र आले की संध्याकाळचे चालणे मगरीब आणि मुलांच्या अभ्यासात अडकते, म्हणून पहाटे साडेपाचचा विचार चालू आहे. दोघींना ते मान्य नाही, कारण आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही आणि येते तेव्हा नेमके पहाटेच येते. पाण्याच्या दिवशी चालायचे नाही असे शेवटी ठरले. त्या दिवशी दोन मजले चढवलेल्या घागरी चालण्यात धरायच्या की नाही, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.